झाकलेला सांधा

नीतीचे प्रश्न मोठ्या प्रसंगीच उपस्थित होतात, अशी आपली एक जुनी समजूत आहे. हरिश्चंद्राचे राज्यदान, शिबीचे मांसदान, कर्णाची कवचकुंडले ही उदाहरणे लहानपणापासून कानांवर पडल्यामुळे सदाचरण म्हणजे काही विलक्षण व रोमांचकारी कृत्य, असा ग्रह होऊन बसतो. आणि ज्याच्या आयुष्यात असले प्रसंग यावयाचे नाहीत, त्याला नीतीचा विचार फारसा करावयास नको, असेही आपण नकळत ठरवून टाकतो. वस्तुतः मनुष्याच्या सचोटीची कसोटी बहुधा अगदी क्षुल्लक दिसणाऱ्या जागी लागते. अशी एक जागा जुन्या मोटारीच्या इंजिनात आहे. पुस्तकी भाषेत तिला मॅनिफोल्डचे गॅस्केट म्हणतात. मिस्त्रीलोक नुसते 'पॅकिंग' म्हणतात. हे पॅकिंग खराब होऊन गळू लागले असता ते बदलण्याचे काम जो हाती घेतो, त्याच्यापुढे तत्त्वज्ञानातला एक पुरातन प्रश्न उभा राहतो : जे काम कोणाच्याही दृष्टीस पडणार नाही, ते नीट करण्याचे बंधन मनुष्यावर कोठून येते?

उदाहरण समोर असले म्हणजे विचार अधांतरी राहत नाही. म्हणून एक कल्पित पण अगदी संभवनीय उदाहरण घेऊ. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेस, तेलंगणाच्या सीमेला लागून धर्माबाद हे तालुक्याचे गाव आहे. लाल मिरचीच्या बाजारपेठेबद्दल त्याची ख्याती आहे, आणि मराठी व तेलुगू या दोन्ही भाषा तेथे कानांवर पडतात. सीमा ओलांडली की थोड्याच अंतरावर गोदातीरी बासरचे सरस्वतीमंदिर लागते. मुलाने पहिले अक्षर देवीपुढे गिरवावे म्हणून त्याला तेथे नेण्याची चाल या भागात आहे. समजा, धर्माबादेतील एका कुटुंबापाशी पेट्रोलवर चालणारी जुनी अँबॅसडर मोटार आहे. मॉरिस ऑक्सफर्ड या इंग्लिश गाडीच्या नमुन्यावर बंगालमधील उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात ही मोटार १९५८ च्या सुमारास तयार होऊ लागली, आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. घरातील आजोबांची इच्छा अशी की, नातवाला अक्षराभ्यासासाठी बासरला न्यावयाचे ते याच गाडीतून. गाडी मात्र काही दिवसांपासून सकाळी सुरू करताच 'टक्‌टक्' असा आवाज करते, आणि उभी असता तिचे इंजिन एकसारखे चालत नाही. ती गावातील एका मिस्त्रीच्या छपराखाली येते. मिस्त्री बॉनेट उघडतो, क्षणभर कान देतो आणि म्हणतो, "मालक, पॅकिंग गेलंय."

हे पॅकिंग काय करते, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. इंजिनाच्या माथ्याला, म्हणजे हेडला, दोन प्रकारच्या नळ्या येऊन मिळतात. एक कार्बुरेटरमधून हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत आणते. दुसरी जळून गेलेला वायू बाहेर नेते. फाटे फुटलेल्या या नळ्यांना मॅनिफोल्ड म्हणतात. अँबॅसडरच्या १४८९ घन सेंटिमीटरच्या जुन्या इंजिनात या दोन्ही नळ्या एकाच बाजूस, एकमेकींच्या शेजारी बसविलेल्या असतात आणि दोहोंना मिळून एकच पॅकिंग पुरते. धातू कितीही घासला तरी त्याचे दोन पृष्ठभाग एकमेकांना सर्वांशी भिडत नाहीत. डोळ्यांना न दिसणाऱ्या फटी राहतातच. त्या भरून काढण्याकरिता मध्ये एक दबणारा पातळ थर घालावा लागतो. या थराला एकाच वेळी दोन उलट कामे करावयाची असतात. मिश्रणाच्या नळीत बाहेरच्यापेक्षा दाब कमी असतो, म्हणून तेथे फट पडली की बाहेरची हवा आत शिरते. पेट्रोलच्या एका भागास वजनाने हवेचे सुमारे पंधरा भाग, हे प्रमाण बिघडते आणि इंजिन अडखळू लागते. धुराच्या नळीत दाब अधिक असतो, म्हणून तेथे फट पडली की आतला तप्त वायू बाहेर निसटतो. इंजिन तापते तेव्हा ही लांबलचक ओतीव नळी लांबीने वाढते, निवते तेव्हा आखडते. वर्षानुवर्षे हे चालले म्हणजे मधला थर घासून, जळून, ठिसूळ होऊन जातो. सकाळी ऐकू येणारा टक्‌टक् आवाज धातू तापून फुगला की पुष्कळदा आपोआप मंदावतो. त्यामुळे मालकाला वाटते की, दुखणे बरे झाले. पण फट असते तेथेच असते.

आता काम नीट करावयाचे म्हणजे काय करावयाचे? गंजलेल्या नटांवर तेल सोडून ते मुरू द्यावयाचे, कारण घाईने पाना ओढला तर स्टड हेडमध्येच मोडतो. कार्बुरेटर व सायलेन्सरची नळी सोडवून मॅनिफोल्ड उतरवावयाचे. हेडची उघडी तोंडे फडक्याने बुजवावयाची, म्हणजे कचरा आत पडणार नाही. जुन्या पॅकिंगचे चिकटलेले अवशेष धातूला ओरखडा न पाडता खरवडून काढावयाचे. जुन्या पॅकिंगमध्ये पुष्कळदा अ‍ॅस्बेस्टॉस असते व त्याचे तंतू फुप्फुसांना घातक असतात. म्हणून ते कोरडे खरवडू नये, ओले करून काढावे. मग लोखंडी पट्टी पृष्ठभागावर आडवी धरून खालून उजेड दिसतो काय ते पाहावयाचे. दिसला, तर नळी वाकली आहे असे समजून तो पृष्ठभाग यंत्रावर सपाट करून आणावयाचा. आणखी एक बारकावा आहे. या बांधणीत काही ठिकाणी एकच जाड वॉशर दोन्ही नळ्यांच्या कडांवर अर्धा अर्धा टेकतो व एकच नट दोघींना दाबून धरतो. एक कड दुसरीहून थोडी जरी जाड असली, तरी सगळा दाब तिच्यावर पडतो आणि शेजारीण सैल राहते. तेव्हा तेही पाहावयाचे. शेवटी नवे पॅकिंग ठेवून मधल्या नटापासून कडेकडे जात दोन-तीन फेऱ्यांत नट आवळावयाचे. इंजिन तापवून, निववून ते पुन्हा एकदा पाहावयाचे. एवढे झाले म्हणजे काम झाले.

परंतु हेच काम दुसऱ्याही रीतीने करता येते. जुना थर अर्धामुर्धा खरवडला, त्यावर चिकट लेप फासला आणि नवे पॅकिंग दाबून दिले, तरी गाडी त्या संध्याकाळी गुपचूप चालते. पट्टी न लावता वाकलेल्या पृष्ठभागावर एकाऐवजी दोन पॅकिंगे ठेवली, तरी चालते. याहून सोपा उपाय म्हणजे पॅकिंगला हातच लावावयाचा नाही. कार्बुरेटरचा स्क्रू फिरवून पेट्रोल थोडे वाढवावयाचे, म्हणजे फटीतून शिरणाऱ्या हवेची भरपाई होऊन इंजिन उभ्या गाडीत गोड चालू लागते. दोष तसाच राहतो, फक्त त्याला बोलता येत नाही. मालकाच्या दृष्टीने या सर्व रीती सारख्याच. त्याला दिसतात ते वरचे नट आणि ऐकू येतो तो आवाज. नट आवळले गेले की खालचे सत्य कुलूपबंद झाले. ते पुन्हा उघडेल ते दोन वर्षांनी, कदाचित दुसऱ्याच गावी, दुसऱ्याच मिस्त्रीच्या हातून.

यात बिघडते काय, थोडे पेट्रोल अधिक जळेल इतकेच, असे कोणी म्हणेल. तितकेच असते तर हा लेख लिहावयास नको होता. जुन्या पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात प्राणवायू वाहून नेणारे जे द्रव्य आहे, त्याला हा वायू प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक आसक्तीने चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवून बसतो. इंजिनापाशी निसटलेला धूर बॉनेटखाली कोंडतो, आणि तारा, नळ्या व दांडे जाण्यासाठी मधल्या पत्र्यात जी भोके असतात त्यांचे रबर जुन्या गाडीत गळून गेलेले असते. हिवाळ्याच्या पहाटे काचा लावून निघालेल्या गाडीत प्रथम डोके जड होते, मळमळते, मग झोप येते. मागच्या बैठकीवर आजीच्या मांडीवर झोपलेल्या मुलाला प्रवासाचा शीण आला आहे, असेच कोणीही म्हणेल. सांध्यात किती प्रामाणिकपणा भरला आहे, यावर त्या झोपेचे स्वरूप अवलंबून आहे. प्रश्न क्षुल्लक नाही तो याकरिता.

तेव्हा मूळ शंकेकडे वळू. मिस्त्रीने पट्टी का लावावी? पहिले उत्तर कायद्याचे. मोटारीच्या धुराची तपासणी होते, प्रमाणपत्र मिळते. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना गाडी दाखवावी लागते. परंतु धुराचे माप घेतात ते गाडीच्या मागच्या टोकाला, आणि गळती असते ती नळीच्या मुळाशी. जो धूर वाटेतच निसटला, तो टोकाशी मोजला जात नाही. कायद्याचा डोळा जेथे पाहू शकतो तेथे त्याचा उपयोग मोठा आहे, हे धर्माबादकरांना सांगावयास नको. त्यांच्याच तालुक्यात गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. त्याच्या पाण्यावरून महाराष्ट्र व त्या वेळचा आंध्र प्रदेश यांच्यात तंटा झाला, तेव्हा २८ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल देऊन १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात बंधाऱ्याचे दरवाजे उघडे राहावेत असे ठरविले व देखरेखीसाठी तीन सदस्यांची समिती नेमली. दोन राज्यांचा एकमेकांवर विश्वास नसला, तरी असा बंदोबस्त करता येतो. कारण बंधाऱ्याचे दरवाजे दोन्ही काठांवरून दिसतात आणि पाणी मोजता येते. पण प्रत्येक नटाखाली समिती नेमता येत नाही. आणि नेमली, तरी त्या समितीने आपले काम नीट केले की नाही, हे पाहावयास आणखी एक समिती लागेल. देखरेखीची साखळी कितीही लांबविली, तरी तिचे शेवटचे टोक कोणातरी न पाहिलेल्या माणसाच्या हातातच राहते.

दुसरे उत्तर लौकिकाचे. गाव लहान आहे. वाईट काम केले तर चार लोकांत नाव जाईल, म्हणून चांगले करावे. व्यवहारात हे उत्तर पुष्कळ काम देते. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात एका दुकानदाराचे उदाहरण दिले आहे. हा दुकानदार अजाण गिऱ्हाइकालाही जास्त भाव लावीत नाही, लहान मूलही त्याच्याकडून निर्धास्तपणे माल घेऊ शकते. परंतु तो हे धंद्याच्या हिताकरिता करीत असेल, तर त्याचे वर्तन कर्तव्याला धरून असले तरी कर्तव्यबुद्धीने घडलेले नाही, असे कांट म्हणतो. हा भेद पुष्कळांना केवळ शाब्दिक वाटतो. पॅकिंगच्या उदाहरणात मात्र तो ठळक होतो. दुकानदाराची लबाडी आज ना उद्या शेजारच्या दुकानातील भावावरून उघडकीस येते. मिस्त्रीची लबाडी उघडकीस येण्याच्या आत गाडी विकली गेलेली असते. आणि दोष दिसला, तरी जुन्या गाडीत दोष असावयाचेच, म्हणून सगळे पाप गाडीच्या वयावर घालता येते. लौकिकाचा पहारा जेथे संपतो, तेथे लौकिकावर उभी असलेली सचोटीही संपते.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये एका अंगठीची कथा आहे. ती फिरवली की घालणारा अदृश्य होतो. असली अंगठी मिळाली तर कोण न्यायाने वागेल, असा सवाल त्या संवादात टाकलेला आहे. ती कथा असंभाव्य म्हणून आपण सोडून देतो. पण नीट पाहिले तर प्रत्येक कुशल मनुष्याच्या बोटात ती अंगठी असतेच. ज्ञानानेच तो अदृश्य होतो. मालक समोर खुर्ची टाकून बसला, सगळे डोळ्यांनी पाहत राहिला, तरी काय पाहावयाचे हे त्याला ठाऊक नसते. त्याच्या देखत जुना थर तसाच ठेवला, तरी त्याला तो दिसत नाही.

तिसरे उत्तर धार्मिक आहे : देव पाहतो. आपल्या संतपरंपरेने या उत्तराला एक निराळेच वळण दिले. गीतेने स्वकर्म हीच ईश्वराची पूजा असल्याचे सांगितले. मराठवाड्यातल्याच तेर येथील गोरा कुंभाराची आख्यायिका प्रसिद्ध आहे : संतांच्या मेळ्यात त्याने थापटण्याने एकेकाच्या डोक्यावर हलकेच थापटून कोणते मडके कच्चे व कोणते पक्के ते सांगितले. मडक्याचा कच्चेपणा वरून दिसत नाही. तो जाणत्याच्या हातालाच कळतो. ज्याची अशी श्रद्धा जिवंत आहे, त्याला पुढे काही सांगावयास नको. परंतु ज्याची नाही, त्यालाही पट्टी लावलीच पाहिजे, असे आपल्याला वाटते. म्हणून आणखी कारण शोधणे भाग आहे.

कारागिराला स्वतःच्या कौशल्याचाच आनंद असतो आणि तोच त्याला सरळ ठेवतो, असे चौथे उत्तर आहे. याच नांदेड जिल्ह्यात देगलूर तालुक्यातील होट्टल येथे कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील देवळे आहेत. त्या धाटणीच्या बांधकामात दगड चुन्यावाचून एकमेकांवर बसविलेले असतात. बाहेरील मूर्ती आपण पाहतो. परंतु देऊळ शतकानुशतके उभे राहते ते दगडांच्या ज्या बाजू एकमेकींवर टेकून कायमच्या अंधारात गेल्या त्यांच्या सपाटीवर. त्या बाजू घासणाऱ्या पाथरवटाला दाद देणारा कोणी नव्हता. कौशल्याचा आनंद त्याच्या ठायी असलाच पाहिजे. पण हा आनंद सकाळचा सोबती आहे. संध्याकाळी पाठ दुखू लागली, तिसरी गाडी दाराशी उभी राहिली, घरून मुलाचा दोनदा निरोप आला, म्हणजे आनंद निघून जातो आणि खरवडावयाचा थर तेवढा समोर राहतो. त्या वेळी हात चालू ठेवणारी शक्ती आनंदाहून कठोर असावी लागते.

माझ्या मते ती शक्ती विश्वासातून येते, आणि येथे विश्वास हा शब्द मी भावनेच्या नव्हे, ठेवीच्या अर्थाने वापरतो. मालकाने गाडी सोपविली तेव्हा नुसती गाडी सोपविली नाही. मला हे पाहता येत नाही, तेव्हा माझ्या जागी तुम्ही पाहा, असे म्हणून त्याने आपला डोळाच मिस्त्रीपाशी ठेव म्हणून ठेविला. एरवी आपण समजतो की, दुसऱ्याचे अज्ञान आपली मोकळीक वाढविते : त्याला कळत नाही, तेव्हा आपल्याला सवड आहे. विश्वासाच्या व्यवहारात नेमके उलट घडते. त्याला जितके कमी कळते, तितके आपल्यावरचे बंधन वाढते. कारण तेवढा भाग पाहणारे जगात आपल्यावाचून दुसरे कोणी उरलेले नसते. पट्टीखालून दिसणारा उजेड मिस्त्रीने पाहिला नाही, तर तो कोणीच पाहिला नाही, असा अर्थ होतो. म्हणून झाकलेले काम बिघडविणे ही नुसती चुकारी नव्हे; तो ठेवीचा अपहार आहे.

हा न्याय एकट्या मिस्त्रीला लावून आपण मोकळे होऊ शकत नाही. सुशिक्षित वर्गाची बहुतेक कामे अशीच झाकलेली आहेत. शिक्षक उत्तरपत्रिका शेवटच्या पानापर्यंत वाचतो की नाही, हे विद्यार्थ्याला कळत नाही. औषध देणारा पुडीवरची मुदत पाहतो की नाही, हे रोग्याला कळत नाही. वकिलाने कागद वाचला काय, हिशेबनिसाने बेरीज पडताळली काय, संपादकाने लेख पुरता पाहिला काय, यांतले काहीच ज्याचे त्याला कळत नाही. आपल्या सर्वांचे आयुष्य अशा न पाहिलेल्या सांध्यांवर रचलेले आहे, आणि त्यांतले काही सांधे आपल्या हातचे आहेत. मिस्त्रीने फसविले म्हणून जो संतापतो, त्याने आपल्या कचेरीतील कागदांच्या चळतीकडे एकदा पाहावे.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विचार पुरा होत नाही, कारण ती मालकाच्या, म्हणजे आपल्याच, वाट्याची आहे. झाकलेल्या सचोटीला वेळ लागतो. पॅकिंगची किंमत फार नसते. थर खरवडावयास, पट्टी लावून पाहावयास, वाकलेली नळी सपाट करून आणावयास आणि निवलेल्या इंजिनाचे नट पुन्हा तपासावयास जो वेळ जातो, तोच खरा खर्च होय. आणि मालक घासाघीस करतो ती नेमकी याच वेळावर. "एवढ्याशा कागदाला इतके पैसे?" असे म्हणून तो निम्मी मजुरी कापतो, "उद्या सकाळी बासरला निघायचंय, आज रात्रीच द्या," असे म्हणून नट निवण्याचा अवकाशही काढून घेतो. जे दिसत नाही त्याचे पैसे द्यावयाचे नाहीत, असे त्याने एकदा ठरविले म्हणजे जे दिसत नाही ते करावयाचे नाही, असे समोरच्याने ठरविल्यास त्याला सर्वस्वी परका गुन्हा म्हणता येणार नाही. ठेव ठेवणाऱ्याने ठेवीची राखण अशक्य करून ठेवू नये, इतके तरी त्याचे कर्तव्य आहे. याने मिस्त्रीचे बंधन सुटते असे मात्र नाही. कमी मजुरीत पुरे काम होत नसेल, तर तसे सांगून गाडी परत करण्याची वाट त्याला नेहमी मोकळी असते. अपुरे काम पुरे म्हणून देण्याची वाट नसते. पण दोष वाटून घेतला जातो, हे आपण विसरू नये.

तेव्हा धर्माबादेतील त्या आजोबांना जर कोणी सल्ला विचारला, तर तो फार मोठा नाही. मिस्त्रीवर पहारा करीत बसू नये. त्याचा उपयोग नाही, आणि त्यात त्याचा अपमान आहे. त्याला इतकेच सांगावे, "मिस्त्री, दोन दिवस लागले तरी लागू द्या, मजुरी पुरी देईन, पण पट्टी लावून बघा, आणि नळी वाकली असेल तर मला सांगा." बासरची सरस्वती दोन दिवस वाट पाहील.